देऊळ फिरलं, पंखा फिरेना

हिंगोली जिल्हा जन्माला आला तोच मुळी १ मे १९९९ ला. परभणीपासून वेगळं निघायला वर्षाचे बाकीचे महिने मोकळे होते, पण बारसं भर उन्हात करायचं ठरलं. तेव्हापासून महाराष्ट्र दिन आणि जिल्ह्याचा वाढदिवस आम्ही एकाच घामात साजरा करतो. सकाळी झेंडावंदन, मग प्रगतीचं भाषण, आणि भाषण संपायच्या आत मांडवाची सावली एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर सरकलेली. अकराच्या पुढे रस्ते ओस. तिथून पाच वाजेपर्यंत जिल्ह्यात जे काही घडतं ते कूलरसमोर घडतं.

त्यामुळे मे महिन्यात लाईन जाते ती आम्हाला दिसत नाही, ऐकू येते. दुपारी अडीचला दिवा कुणाचा चालू असतो? पण गल्लीतले सगळे कूलर एका दमात गप्प होतात आणि त्यांच्या घरघरीआड जे काही चाललं होतं ते उघड्यावर पडतं. तिसऱ्या घरातल्या नवरा-बायकोनं आपलं भांडण कूलरच्या आवाजाच्या बेतानं लावलेलं असतं. त्यातलं एक वाक्य अर्ध्यावर, पण भरपूर माहिती देऊन थांबतं. कुणाचं तरी घोरणं दोन क्षण चालू राहतं आणि मग तेही बंद पडतं. मग खिडक्या उघडतात.

"लाईन गेली का वो?"

"गेली की."

"तुमचीबी?"

"समद्यायचीच गेली."

एवढं कळलं की विचारणाऱ्याच्या जिवाला गारवा मिळतो. त्रेचाळीस अंशात फुकट मिळणारा गारवा एवढाच.

पण गेली म्हणजे नेमकं काय गेलं, याचं शास्त्र बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पुण्या-मुंबईकडे लाईट असते किंवा नसते. आमच्याकडे मधल्या बऱ्याच अवस्था आहेत. कधी व्होल्टेज डाऊन असतं; तेव्हा पंख्याची तिन्ही पाती वेगवेगळी ओळखता येतात, फ्रिज कण्हतो आणि ट्यूब लागू की नको या विचारात पडते. कधी लाईन येऊन-जाऊन करते. तेव्हा घरातल्या एका माणसाची नेमणूक फ्रिजच्या बटणापाशी होते. आणि सगळ्यांत नाजूक अवस्था म्हणजे एकच फेज जाणं.

डीपीतून, म्हणजे रोहित्रातून, तीन फेज निघतात आणि गल्लीतली घरं त्यांच्यावर वाटलेली असतात. एका फेजचा फ्यूज उडाला की एक तृतीयांश गल्ली घामात आणि दोन तृतीयांश गल्ली गारव्यात, असा प्रसंग येतो. आता समाजव्यवस्थेची परीक्षा. ज्यांच्या घरी चेंजओव्हर आहे ते खटका इकडचा तिकडं करतात आणि दुसऱ्या फेजवर जाऊन बसतात. ज्यांच्याकडे चेंजओव्हर नाही त्यांच्याकडे शेजारी असतो. भिंतीवरून वायर येते, वायरीच्या टोकाला बोर्ड, बोर्डाला कूलर. सोबत "मोटार लावू नका बरं का, फक्त कूलर" अशी सूचनाही येते. ती ऐकून मोटार लावली जाते. दुप्पट भार अंगावर घेतलेला दुसरा फेज थोडा वेळ दम धरतो, मग बसतो. आता तिसऱ्यावर धाव. तिसऱ्या फेजवर मूळचे जे राहतात ते दारात येऊन हात जोडतात, पण तोवर उशीर झालेला असतो. पंधरा मिनिटांत गल्लीत समता नांदू लागते.

यात फ्यूजचा काहीच दोष नसतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली तार. भार वाढला की तिनं जळायचं, म्हणजे पुढचं सगळं वाचतं. पण हा त्याग आमच्या लोकांना बघवत नाही. कुणीतरी कर्तबगार तरुण काठी, पक्कड आणि रबरी चप्पल एवढ्या सामग्रीनिशी डीपीपाशी जातो आणि तिथे जाड तार गुंडाळून येतो. "आता बघू कशी उडती!" खरंच उडत नाही. पुढच्या वेळी डीपीच जळते. दहा रुपयांच्या तारेनं मरायचं नाकारलं की मरायची पाळी रोहित्रावर येते. मग नवं रोहित्र येईपर्यंत तोच तरुण गावातल्या अंधाराची माहिती सगळ्यांत तपशीलवार देतो.

रोहित्राची बाजू कुणीतरी मांडायला हवी. त्याच्या पोटात तेल असतं ते वेटोळी गार ठेवण्यासाठी. दिवसा तापायचं आणि रात्री निवायचं, असा त्याचा शिरस्ता. पण आता रात्रीही निवत नाही आणि रात्रभर कूलर चालतात. म्हणजे ज्या वेळी त्यानं आराम करायचा, त्याच वेळी आम्हाला आरामात ठेवायचं काम त्याच्यावर. तारांचंही तेच, उन्हानं आणि भारानं तापून त्या लांबतात, खाली झोल येतो, वारा सुटला की एकमेकींना भिडतात. शेवटी ज्याची आम्ही चातकासारखी वाट बघतो तो वळवाचा पाऊस येतो. दिवसभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर त्याचे गार थेंब पडतात, इन्सुलेटर तडकतो, आणि हवा गार झाल्याच्या आनंदात लाईन जाते. हवा आणि लाईन दोन्ही एकाच वेळी चांगल्या असण्याचा योग पंचांगातही सापडत नाही. त्या खांबावर चढणाऱ्या वायरमनला हल्ली सरकारी भाषेत जनमित्र म्हणतात. दुपारी दोन वाजता तापलेल्या लोखंडी खांबावर रबरी हातमोजे घालून तो चढतो आणि खाली उभे असलेले सगळे मित्र सावलीतून त्याला सल्ले देतात.

आता थोडं पंख्याविषयी, कारण सगळा जीव त्याच्यावर टांगलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की हवेचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की पंखा अंगाला थंड करत नाही, उलट तापवतो. म्हणजे हिंगोलीत मेच्या दुपारी दार लावून, पंखा पाचवर ठेवून "आता बरं वाटतंय" म्हणणारा माणूस शास्त्रीयदृष्ट्या भाजला जात असतो. कूलरचं गणित मात्र आमच्या बाजूचं आहे. हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याच्या ताटीवरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत कूलर नुसता आवाज करतो. मराठवाड्यात तो खरा कामाला येतो. अडचण एवढीच की त्याला वीज लागते आणि पाणीही.

पाणी कुठून येतं? हिंगोली शहराला येतं सिद्धेश्वर धरणातून, आणि ते आपल्या पायांनी चालत येत नाही. तिथले पंप विजेवर. टाकीतून नळाला आलं तर नळातून घरात ओढायला टिल्लू पंप, तोही विजेवर. गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटार. तेव्हा लाईन गेली की हवा जाते, आणि लांबली की पाणीही जातं. आणि वीज कुठून येते? फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, कारण त्याला द्यायला पाणी नव्हतं. पाण्याला वीज पाहिजे, विजेला पाणी पाहिजे. दोघं एकमेकांच्या दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत उभे, आणि आम्ही मध्ये बादली घेऊन. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई झाली आणि राज्यात भारनियमन परत आलं, तेव्हा कळलं की या रांगेत कोळसाही आहे.

या सगळ्यात बिनतारी आणि बिनतक्रार यंत्र एकच: रांजण. तोही कूलरच्याच तत्त्वावर चालतो. ऊन आणि वारा वाढला की त्याचं काम वाढतं. लाईन गेल्यावर फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून रांजणाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवणारी घरं आमच्याकडे आहेत. दोन दारी फ्रिज वरून बघत असतो.

पूर्वी काय होतं, हे म्हातारी माणसं सांगायला लागली की ऐकावं. एकोणिसाव्या शतकात हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. गोऱ्या साहेबांनी हा उन्हाळा कसा काढला असेल? दाराला वाळ्याचे तट्टे, त्यावर पाणी मारणारा एक माणूस, आणि छताला टांगलेला कापडी पंखा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर ओसरीवर, आणि दोरीच्या टोकाला दुसरा एक माणूस. तो दोरी ओढणार, पंखा हलणार, साहेब झोपणार. भर दुपारी त्या माणसाला डुलकी लागली की पंखा थांबायचा. हिंगोलीतलं पहिलं भारनियमन ते हेच असावं. फरक इतकाच की साहेबाला नेमकं कुणावर ओरडायचं ते माहीत होतं. आम्ही तक्रारीचा नंबर लावतो, आणि आमचा फोन महत्त्वाचा आहे हे एक बाई अत्यंत गार आवाजात सांगत राहते. ती कुठल्या गावात बसते हे कळलं पाहिजे. तिथे लाईन असते.

चमत्कारांची मात्र या मातीला सवय आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून नर्सी सांगतात, ते आमच्याच जिल्ह्यातलं. औंढा नागनाथाच्या देवळासमोर त्यांना कीर्तन करू दिलं नाही, ते देवळामागे जाऊन उभे राहिले, आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा आहे. नंदी तेवढा मागेच राहिला. एवढं दगडी देऊळ एका भक्तासाठी फिरलं, तिथे आमच्यासाठी तीन पात्यांचा पंखा फिरेना. श्रावणी सोमवारी त्या देवळाच्या तळघरातल्या गाभाऱ्यात उतरून बघा. ठेंगणी वाट, वर दगड, मध्ये माणसं. आत जाताना नागनाथाला काय मागायचं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. बाहेर येताना सगळ्यांचं एकच मागणं झालेलं असतं.

त्याच औंढ्याजवळ आता दुसरा चमत्कार येऊ घातलाय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यात लेसर, आणि अवकाशात लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याची थरथर इथे टिपायची. ही थरथर प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक असते. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेली पहिली लहर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. म्हणजे शंभर कोटी वर्षांमागची बातमी औंढा तालुक्यात अचूक मिळणार. चारच्या आत लाईन येईल का, हे विचारायचं ठिकाण अजून मंजूर व्हायचंय.

आणि असल्या उन्हात आम्ही लग्नं करतो. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव शेरवानीत, डोक्याला फेटा, खाली घोडा, वर सूर्य. लाईन गेली तर जनरेटर असतो, पण त्यावरचा मान ठरलेला आहे. पहिला डीजे, दुसरा फोटोवाल्याचे दिवे, तिसरा आइस्क्रीमचा डबा, आणि उरलंच काही तर एक फर्राटा पंखा, तोही मुलाकडच्या पाहुण्यांच्या दिशेनं. मुलीकडचे लोक वाढायला उन्हात पळत असतात. त्यांना पळण्यातूनच वारा लागावा अशी अपेक्षा. मागच्या रांगेत आजोबा मंडळी टोप्यांनी वारा घेत बसलेली असतात. त्यांना कुणी पाणी विचारत नाही, कारण त्यांनी मागितलेलं नसतं.

या आजोबांपाशी जरा थांबतो, कारण लाईन जाणं त्यांच्यासाठी गंमत नसते.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे, वाळवंटातलं. जॉर्जिया टेकमधल्या ब्रायन स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली हिशोब मांडला, की उष्णतेच्या लाटेत या शहराची वीज दोन दिवस पूर्ण गेली आणि मग हळूहळू परत आली तर काय होईल. उत्तर आलं, जवळपास निम्म्या शहराला तातडीच्या उपचारांची गरज पडेल आणि सुमारे १३ हजार माणसं जातील. घराघरात एसी असलेलं शहर ते. आमच्याकडे हे वाचून पहिली प्रतिक्रिया आली ती अभिमानाची. "दोन दिवसांत? आपल्याकडं डीपी जळाली तव्हा आठ दिवस काढले की लोकायनी!" काढले, हे खरं. आमची घरं काचेची पेटी नाहीत, लिंबाखाली बाज टाकायची सोय आहे, रांजण आहे, आणि एसीची सवय नाही. पण लिंब रस्तारुंदीत गेले, माळवद जाऊन स्लॅब आला, आणि गरिबाच्या डोक्यावर पत्रा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बाराला खालच्यांना परत करतो. "काढले" म्हणणारे तेच, जे मागे उरले. गेलेल्यांच्या दाखल्यावर "लाईन गेली" असं कारण कुणी लिहीत नाही. तिथे हृदय बंद पडलेलं असतं, वय झालेलं असतं.

शिकागोत जुलै १९९५ मध्ये अशीच लाट आली होती, त्यात वीजही गेली. सातशेवर माणसं गेली. त्यात म्हातारी, एकटी राहणारी, दार लावून बसणारी फार होती. हे वाचताना शिकागो लांब वाटेना. आमच्या सेनगाव-कळमनुरीच्या गावांतून फिरून बघा. पोरं पुण्याला कंपनीत, नातवंडं इंग्रजी शाळेत, आणि घरात दोन म्हातारी माणसं, एक कूलर, एक मोबाइल. पोरगा फोन करतो, "लाईन हाय का?" लाईन नसली की मोबाइलही चार्ज नसतो, त्यामुळे या प्रश्नाला "हाय" एवढंच उत्तर येऊ शकतं. बाकी वेळी फोन लागत नाही, आणि पोराला वाटतं, झोपले असतील.

उष्माघाताची लक्षणं दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेली असतात. अंग तापणं, चिडचिड, असंबद्ध बडबड, सांगितलेलं न कळणं. ती वाचून आमच्या गल्लीतल्या एका सुनेनं डॉक्टरांना विचारलं, "मामंजींना हे कव्हापासून असलं तर?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडच्या बहुतेक आजोबांना भिंतीवरची निम्मी लक्षणं चैत्राआधीपासून असतात. म्हणून घरातल्यांनी उलटी खूण धरावी. रोज शिव्या देणारा माणूस दुपारी एकाएकी गप्प झाला, किंवा नेहमी गप्प असणारा बोलायला लागला, घाम थांबून अंग चटका बसेल इतकं तापलं, की १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारायचं, पुठ्ठ्यानं वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. प्रत्यक्षात काय होतं? भोवती तीस माणसं गोळा होऊन उरलासुरला वारा अडवतात, एक जण नाकाला कांदा लावतो, दुसरा चप्पल, आणि तिसरा "पाणी पाजा, पाणी पाजा" म्हणत तांब्या तोंडाला लावतो. पुठ्ठा शेवटी ज्याच्या हातात येतो तो त्यानं स्वतःला वारा घालत असतो.

आणि म्हाताऱ्या माणसांची खरी पंचाईत अशी की त्यांना तहान कळत नाही आणि कळली तरी सांगवत नाही. त्यातल्या आज्यांचं भारनियमन तर वेगळंच, बारमाही, आणि त्याचं वेळापत्रक कुणालाच बदलता येत नाही. आपण खोलीबाहेर पडलो की आजी उठून कूलर बंद करते. "एकटीसाठी कशाला फिरवायचा?" तिच्या हिशोबात माणसं तीन भरली तर पंखा, पाच भरली तर कूलर.

लाईन जाऊन अडीच तास झाले. पाचच्या सुमाराला गल्लीच्या टोकाकडून ओरडा येतो, "आ-ली!" ही घटका डीपीसाठी सगळ्यांत अवघड. लाईन जाताना कुणीच बटणं बंद केलेली नसतात. सगळे कूलर, सगळे फ्रिज, सगळ्या मोटारी एकाच क्षणी घोट घेतात. शहाण्यांनी सांगून ठेवलंय की एक बल्ब सोडून बाकी बंद ठेवा, लाईन आली की सावकाश एकेक चालू करा. हे सगळ्यांना पटलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरवशावर आपला कूलर चालूच ठेवतो. गल्ली श्वास रोखून डीपीकडे बघते. या खेपेला धरली. पोरं नाचतात, कूलर घरघरतात, तिसऱ्या घरातलं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

आणि आतल्या खोलीतून आजीचा आवाज येतो, "आता ऊन कललं की! बंद करा ते. बिल काय तुमचा बाप भरतो?"

बाप तिथेच कूलरसमोर बसलेला असतो. तो उठतो आणि बंद करतो.